गावातली विसरलेली माणसं कशी शोधावीत: नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. एकोणिसाव्या शतकात इथे ख्रिस्ती मिशनरी संस्थेने वसवलेलं छोटं गाव होतं, त्याच्यावरून या रस्त्याचं नाव पडलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली काही शिकायला शरणपूरला पाठवली जात. त्यांपैकी एक होता जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आजच्या झांबियात ब्रिटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने, अंत्यविधीची प्रार्थना वाचली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. लिव्हिंगस्टन सगळ्या जगाला माहीत आहे. जेकब आमच्या नाशकात शिकला, हे मात्र नाशिककरांनाच माहीत नाही.

गेली काही वर्षं मी अशी माणसं शोधतो आहे. ‘मलाही करायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे अधूनमधून भेटतात. कोणी इथलेच असतात, कोणी नोकरीनिमित्त पाथर्डी फाट्याला किंवा इंदिरानगरला राहायला आलेले. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: प्रसिद्ध घटनेच्या शेजारी उभा असलेला माणूस निवडा

‘नाशिकचा इतिहास’ हा विषय घेऊ नका. तो कधी संपत नाही आणि त्यातलं बरंचसं आधीच लिहून झालेलं आहे. एखादी माहीत असलेली घटना घ्या आणि तिच्या मधोमध उभ्या माणसाला सोडून बाजूला पाहा.

दादासाहेब फाळके १९१३ मध्ये नाशकात आले आणि इथून चित्रपट काढू लागले, हे शाळेतली मुलंही सांगतात. पण कॅमेऱ्याच्या मागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून त्या रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसायच्या. अण्णा साळुंके मूळचे मुंबईतल्या एका खाणावळीतले आचारी. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. फाळक्यांची लहानगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. या तिघांपैकी कोणाही एकावर वर्षभर काम करता येईल.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह घ्या. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला, नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे. सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या पंचवीस जणी कोण? कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी-सुना? देवळाच्या बंद दारासमोर बसायला घरून निघताना त्यांनी पोरांना कोणाकडे ठेवलं? हा प्रश्न मला झोपेतही सोडत नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत या सत्याग्रहाचे त्या वेळचे पोलिसी अहवाल छापलेले आहेत. सुरुवात तिथून करता येते. पुढचा शोध मात्र घरोघरी फिरूनच होतो.

एक माणूस, एक गल्ली किंवा एक वस्तू. पहिल्या वर्षी यापलीकडे जाऊ नका.

दुसरी पायरी: आजी-आजोबांकडे जा, आणि हे काम पुढे ढकलू नका

कागद आणखी वीस वर्षं टिकेल. नव्वदीची आजी थांबणार नाही. म्हणून ही पायरी ग्रंथालयाच्याही आधी ठेवली आहे.

गावात, म्हणजे जुन्या नाशकात, जाऊन ‘मी इतिहासाचा अभ्यास करतो’ असं सांगितलंत तर माणसं एकदम ताठ बसून पुस्तकातलंच बोलायला लागतात. शक्यतो ओळखीच्या कोणाला तरी बरोबर न्या. पहिल्या भेटीत वही काढू नका. चहा घ्या, देवघर पाहू का म्हणून विचारा. दुसऱ्या भेटीत परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपा. ध्वनिफितीच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. सहा महिन्यांनी कोणती फाइल कोणाची, ते आठवत नाही.

सन विचारू नका. माझ्या आजीला सन विचारला की ती गप्प व्हायची. ‘मोठा पूर आला तेव्हा बाबा शाळेत होते का?’ असं विचारलं की तासभर बोलायची. नाशिककरांच्या आठवणी गंगेला बांधलेल्या आहेत (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). सप्टेंबर १९६९ चा महापूर ही सगळ्यांत भक्कम खूण. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर आजही जुनी माणसं पुराचं माप सांगतात. दुसरी खूण सिंहस्थाची. तो बारा वर्षांनी येतो, त्यामुळे ‘माझं लग्न सिंहस्थाच्या आदल्या वर्षी झालं’ हे एक वाक्य मिळालं की हिशेब लागतो. १९९१, २००३ आणि २०१५ हे अलीकडचे सिंहस्थ धरा आणि मागे मोजत जा.

प्रश्न छोटे आणि हाताला लागणारे ठेवा. पाणी कुठून भरायचा? बाळंतपणाला सुईण कोण यायची? रंगपंचमीला रहाडीत पहिली उडी कोणाची असायची? बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगतो: रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. वर्षभर तो वरून बंद असतो, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी हे हौद आजही आहेत. रहाडीला कोणत्या घराचा मान, रंग कोण उकळतं, खड्डा खणायला कोण येतं, या तीन प्रश्नांतच त्या पेठेतली बरीच कुटुंबं तुमच्यासमोर येतील.

तिसरी पायरी: पायी फिरा आणि वस्तूलाच बोलू द्या

सरकारवाडा, सराफ बाजार, भांडी बाजार, तिळभांडेश्वर गल्ली, काझीची गढी. सकाळी लवकर निघा, दुकानांच्या फळ्या उघडायच्या आत. काझीच्या गढीचा मातीचा ढिगारा पावसाळ्यात ढासळला की वर्तमानपत्रात बातमी येते. याच जुन्या गढीच्या मातीत १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि नाशकातली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेली. वरच्या घरांत राहणाऱ्यांच्या पायाखाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुली आहेत.

वस्तूकडून कसं शिकायचं, याचं माझं आवडतं उदाहरण नारोशंकराची घंटा. गंगेला पूर आला आणि पाणी घंटेपर्यंत चढलं की ती वाजते, असं लहानपणापासून ऐकत आलो. देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. म्हणजे देवळापेक्षा घंटा जुनी, ती कुठून तरी आणलेली असणार. आता १७३९ मधली मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम आठवा आणि वसईतल्या पोर्तुगीज चर्चमधली घंटा इथे आली ही परंपरा त्याच्या शेजारी ठेवून पाहा. कोणाला काहीही न विचारता, नुसते दोन आकडे वाचून तुम्ही इथवर आलात.

घराचं वय ठरवताना घाई करू नका. नाशकात प्रत्येक वाडा ‘पेशवेकालीन’ असतो, निदान मालकांच्या तोंडी. मीही एका वाड्याचा काळ एकदा तसाच लिहून टाकला होता. पुढे त्यांच्याच माडीवर जुनं खरेदीखत निघालं आणि माझं लिहिणं शंभर वर्षांनी चुकलेलं ठरलं. त्या घरच्या काकांना मी स्वतः जाऊन तसं सांगितलं. कौलांवरच्या सालानेही फसायला होतं. मंगलोरी कौलावर ‘१८६५’ दिसतं ते बासेल मिशनच्या कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष. घर त्यानंतर कधीचंही असू शकतं.

शिलालेखाचा फोटो दुपारी काढू नका. कलत्या उन्हात अक्षरांच्या कडांवर सावली पडते, तेव्हा ती वाचता येतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, गुलाल, तेल, पीठ काहीही लावायचं नाही. पाणीसुद्धा नाही. एका जागी कोणीतरी हौसेने तेलरंगात भरलेली अक्षरं मी पाहिली आहेत, मूळ काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

आणि पांडवलेण्यांना जरूर जा. सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची दानं, हे सगळे गाइड दाखवतातच. तुम्ही छोट्या लेखांपाशी थांबा. एका लेण्यात मुगुदास नावाच्या माणसाचा लेख आहे. अभ्यासक त्याचा धंदा कोळ्याचा सांगतात. दुसऱ्यात इंद्राग्निदत्त नावाचा उत्तरेकडचा यवन, म्हणजे ग्रीक, आहे, धर्मदेवाचा मुलगा. सतराशे वर्षांपूर्वी विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने गोवर्धनातल्या, म्हणजे आजच्या गंगापूरच्या बाजूच्या, कुंभारांच्या आणि तेल्यांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, पैसे ठेवले, त्यांच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळावं म्हणून. तिच्या नवऱ्याचं नाव रेभिल, मुलाचं विश्ववर्मा. एवढंच. पण दगडावर कोरलेल्या त्या एका कौटुंबिक ठेवीने मला राजांच्या सगळ्या विजयांपेक्षा जास्त धरून ठेवलं आहे. या लेखांचं भगवानलाल इंद्रजींनी केलेलं वाचन १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आणि सेनार यांचं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ८ व्या खंडात आहे. छापील वाचन हातात धरून लेण्यात उभं राहा.

चौथी पायरी: वाचनालय

सार्वजनिक वाचनालय, आमचं ‘सावाना’, १८४० पासून आहे. जुनी पुस्तकं, पोथ्या, स्वतःचं वस्तुसंग्रहालय. सभासद व्हा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी नम्रतेने वागा, अर्ध्या गोष्टी कपाटात कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक असतं. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड, आता आंतरजालावर फुकट वाचता येतं. त्यातल्या जातींच्या वर्णनांत साहेबाचा चष्मा आहे, ते तसंच्या तसं उतरवू नका. पण बाजार, भाव, नद्यांवरचे उतार, देवळांची मापं यासाठी त्याला पर्याय नाही.

शोधताना नाव बदलून बदलून पाहा. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. मराठेशाहीतल्या रुपयांवरही टांकसाळीचं नाव गुलशनाबादच दिसतं. नाण्यांकडे ओढ असेल तर अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात एक दिवस काढा. इंग्रजीत ‘नासिक’चीच निदान चार स्पेलिंगं आहेत. जेकबचा माग मला ‘नाशिक’ शोधून लागलाच नाही. ‘नॅसिक’ची जुनी, दोन एस आणि सी-के असलेली जोडणी टाकली, आणि पानंच्या पानं समोर आली.

पाचवी पायरी: सरकारी दप्तर

हे काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगतो. नगर भूमापन कार्यालयातून घराची मिळकत पत्रिका काढा, शेतासाठी सातबारा आणि जुने फेरफार. खेड्यातल्या जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून ही बुकं पुन्हा उघडली गेली आहेत. त्यात मरणाच्या कारणापुढे ‘ताप’, ‘पटकी’ (कॉलरा), ‘देवी’ असे एकेका शब्दाचे शेरे असतात. एका पानावर सलग ‘पटकी’ दिसू लागली की त्या गावात त्या महिन्यात काय झालं असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही. शहरातल्या शाळांचं जनरल रजिस्टरही उपयोगी पडतं, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर.

एक युक्ती मात्र नीट लक्षात ठेवा. जुनं खरेदीखत हाती लागलं तर आधी चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस तमकीचा वाडा.’ विकणारा आणि घेणारा यांच्या नोंदी दुसरीकडे मिळतात. चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावं, त्यातही विधवा बायकांची, बहुतेक वेळा फक्त तिथेच उरलेली असतात.

सहावी पायरी: उपाध्यांची वही

ज्यांचे पूर्वज कधीही श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन नाशिक-त्र्यंबकला आले असतील, त्यांच्या नोंदी तीर्थोपाध्यांच्या वह्यांत सापडू शकतात. उपाध्ये आधी दोनच गोष्टी विचारतील: आडनाव आणि मूळ गाव. म्हणजे आज राहता ते नव्हे, कुळाचं गाव. ते ठाऊक नसेल तर घरच्या मोठ्यांना विचारूनच जा. गावावरून घराणं ठरतं, घराण्यावरून वही निघते. त्यात कोण आलं, बरोबर कोण होतं, मुलांची नावं, आणि खाली स्वतःच्या हातची सही. खापरपणजोबांची वळणदार मोडी सही पाहून रामकुंडाच्या पायरीवर रडलेला माणूस मी पाहिला आहे.

या वह्या म्हणजे त्या घराण्यांची पिढीजात ठेव आणि उपजीविका आहे. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, दक्षिणा मनापासून द्या आणि तुमची आजची नोंद लिहायला ते सांगतील तेव्हा घरातल्या मुलींची, सुनांची नावंही लिहा. जुन्या पानांवर ती फार कमी आहेत.

सातवी पायरी: मोडी आणि सनांचा हिशेब

मोडी शिकल्याशिवाय विसाव्या शतकाच्या मागे फारसं जाता येत नाही. रोज तासभर दिला तर छापील वळणाची मोडी दोन-तीन महिन्यांत वाचता येते, घाईत लिहिलेल्या पत्रांना पुढे वर्ष लागतं. वर्ग अधूनमधून निघत असतात, पुराभिलेख विभागही घेतो. पेशवे दप्तर पुण्याला आहे, तिकडे जायचं ते मोडी आल्यावरच.

कालगणनेचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन. फसली या महसुली सनात ५९०. मराठी दप्तरांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा महिना पाहावा लागतो. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात आणि नवशिके तिथेच अडतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. जानेवारीतला कागद असेल तर ६०० मिळवा, १७६१ आलं. पानिपताचं साल.

आठवी पायरी: ऐकीव आणि खरं वेगळं ठेवा

माझ्या वहीला दोन रंग आहेत. ऐकलेलं निळ्या शाईत, कागदावर किंवा दगडावर सापडलेलं काळ्या शाईत. दोन वेगवेगळ्या जागी, एकमेकांवर न विसंबलेलं, तेच सापडलं की निळ्याचं काळं करतो. एकाच पुस्तकावरून उतरवलेले पाच लेख म्हणजे पाच पुरावे नव्हेत, एकच.

देवळालीचं पाहा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून आला. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्महिने बसत आणि उन्हाने, रिकामपणाने, तापाने बेजार होत. मूळ शब्दप्रयोगाच्या शेवटी ‘टॅप’ आहे, तो म्हणजे आपला ‘ताप’. एवढं भक्कम आहे. यापुढे लोक तिथल्या छावणीच्या कितीतरी कथा रंगवून सांगतात, त्या निळ्या शाईत.

निळं टाकून मात्र देऊ नका. कलेक्टर जॅक्सनचं नाव आपण २१ डिसेंबर १९०९ मुळे ओळखतो. विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. हाच जॅक्सन संस्कृत जाणणारा होता आणि खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून भुताखेतांच्या, विहिरींच्या, झाडांच्या समजुती गोळा करत होता. त्याच्या मरणानंतर ते गुजरात आणि कोकणच्या लोकसमजुतींचे संग्रह म्हणून छापले गेले. मास्तरांनी ऐकीव म्हणून कळवलेलंच आज दस्तऐवज झालं आहे. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे लिहून ठेवा म्हणजे झालं.

शेवटची पायरी: लिहा, आणि आधी त्या घरात वाचून दाखवा

सगळं जमेपर्यंत थांबलात तर कधीच लिहिणार नाही. चार पानं पुरतात. जुन्या कागदांत जातींबद्दलचे अपमानकारक शब्द येतात, दत्तक, पळून जाणं, वेडेपण, कर्ज अशा घरातल्या नाजूक गोष्टी निघतात. त्या माणसाची नातवंडं आज याच गावात आहेत. छापायच्या आधी त्यांच्याकडे जा आणि मजकूर मोठ्याने वाचा. आजी मध्येच थांबवतील आणि म्हणतील, ‘नाही रे बाळा, ते असं नव्हतं.’ तेव्हा पेन हातात ठेवा. माझ्या अनुभवात सगळ्यांत चांगली माहिती याच वेळी मिळते, कारण चुकलेलं ऐकवत नाही म्हणून माणूस इतकी वर्षं न बोललेलं बोलतो.

त्यांनी नाही म्हटलेलं वगळा. मग स्वच्छ टंकलिखित करा, पानाखाली कुठून मिळालं ते लिहा आणि तीन प्रती काढा: एक त्या घराला, एक सावानाला, एक तुमच्या कपाटात. फोटो आणि आवाजाच्या फायली दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. शक्य असेल तर एक संच गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा, कारण गंगेचं पाणी आमच्या सराफ बाजारात अजूनही शिरतं.